काचेतला काटा

११ जून

बाबा,

वडिलांना लिहायच्या पत्राच्या सुरुवातीला जे काही लिहायचं असतं ते सगळं लिहिलं असं समजा. मी चार वेळा लिहिलं आणि चार कागद फाडले. ज्या माणसाला दोन वर्षं चार महिने एक ओळ लिहिली नाही त्याला आता पानभर नमस्कार घालायचे म्हणजे निव्वळ सोंग. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

मला नोकरी लागली. परीक्षेत पहिली आले आणि इथल्या संशोधनशाळेने मला घेतलं. या इमारतीत आजवर बायका आल्या त्या फरशी पुसायला नाहीतर काचेची भांडी धुवायला. कोट घालून, वहीत आकडे लिहायला आलेली मी पहिली. कोट पुरुषाच्या मापाचा आहे, बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात. हजेरीपटावर प्रत्येक ओळीच्या आधी 'श्री.' छापलेलं आहे. मी रोज सकाळी ते खोडते आणि मग सही करते. कारकून रोज म्हणतो, "बाई, रजिस्टर खराब होतंय." मी रोज म्हणते, "मग नवीन छापा."

काम काय दिलंय म्हणाल, तर तोलायचं. हसू नका. हसलात तर आई मला कळवेलच.

तोलायची खोली वेगळी आहे. दगडी कट्ट्यावर काचेच्या पेटीत एक काटा आहे, आपल्या दुकानातल्या काचेतल्या काट्याचा थोरला भाऊ शोभेल असा. पापणीचा केस टाकला तरी पारडं हलतं. खोलीत पंखा नाही, खिडकी उघडायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. बाकीच्यांना तिथे बसणं म्हणजे शिक्षा वाटते. मला पहिल्या दिवशी आत शिरल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत आल्यासारखं झालं. तोच पितळेचा वास. मी तराजू दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, म्हणून इथले लोक मला 'दुकानदारीणबाई' म्हणतात. म्हणू देत.

एक गोष्ट मात्र इथे वेगळी आहे. तुम्ही मला वजनं पुसायला द्यायचात, शिसं घासायला द्यायचात, पण गिऱ्हाइकासमोर काट्याला हात लावायची वेळ आली की, "डावा हात मागे." लहानपणापासून तेच ऐकत आले. इथे कुणी म्हणत नाही. इथे मी डाव्या हाताने तोलते.

सराफाच्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्ही दुरुस्त केलेला त्याचा काटा झुकत होता, मी झुकतो म्हटलं. त्याच्यासमोर म्हटलं, हे खरं. पण झुकणाऱ्या काट्याला झुकतो म्हणायला तुम्हीच शिकवलंत. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच म्हणते.

उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहीन. आईला सांगा, जेवते वेळेवर.

डावखुरी

---

२ ऑगस्ट

बाबा,

आईचं कार्ड आलं. तुमच्याबद्दल तिने दोनच ओळी लिहिल्यात. "पत्र आलं की दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून आत जाऊन वाचतात. मग बाहेर येऊन मला विचारतात, कुणाचं गं पत्र आहे." वाचून मी एकटीच हसले. म्हणजे वाचता तर.

वाचता म्हणून एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी थोडी फुशारकी मारली. मी दिवसभर तोलत नाही. सकाळी नऊ वाजता तोलते, दुपारी तीन वाजता तोलते आणि मधल्या वेळात भांडी धुणाऱ्या मावशींबरोबर काचेच्या नळ्या धुते. बरोबर लागलेल्या दोघा पुरुषांना कुणी नळ्या धुवायला लावलं नाही. पण मावशी चांगल्या आहेत. नळी उजेडाकडे धरून डाग कसा शोधायचा ते त्यांच्याकडून शिकले. 'श्री.' खोडण्याची गोष्ट मात्र खरी आहे.

आता जे लिहिते त्यावर तुमचं मत हवं होतं. मिळणार नाही, माहीत आहे. तरी लिहिते.

इथल्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांचं नाव झालं ते एका पांढऱ्या भुकटीमुळे. ती भुकटी काचेच्या नळीत भरून नळीचं तोंड वितळवून बंद करतात, म्हणजे आत काही जायला नको की बाहेर यायला नको. सकाळी नळी तोलायची, गच्चीवर उन्हात ठेवायची, दुपारी सावलीत निवू द्यायची आणि पुन्हा तोलायची. वजन एक मिलिग्रॅम वाढतं. सहा वर्षं, शेकडो वेळा, दर वेळी वाढलंय. सर म्हणतात, भुकटी उन्हातून काहीतरी घेते. उजेडाचंच वजन ते. हे पुस्तकात छापून आलंय, आम्ही ते शिकून पास झालो. येत्या वीस नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत याच कामासाठी सरांचा मोठा सन्मान व्हायचा आहे.

मी जूनपासून तीच भुकटी, त्याच काट्यावर, तोलते आहे. बाबा, माझ्या हातून वजन कमी होतं. एक मिलिग्रॅमच, पण कमी. एकदा नाही, सव्वीस वेळा.

पहिल्या आठवड्यात मी गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात वही सरांपुढे ठेवली. सर चिडले नाहीत, उलट हसले. "तुम्ही वजनं कुठल्या हाताने ठेवता?" मी म्हटलं डाव्या. ते म्हणाले, "मग हात सुधारा."

खोलीतले सगळे हसले. मला कुणाचा आवाज ऐकू आला असेल ते तुम्हाला सांगायला नको.

डावखुरी

---

१९ सप्टेंबर

बाबा,

आज थोडक्यात लिहिते, कारण डोकं तापलेलं आहे.

मी हात सुधारला. दहा दिवस उजव्या हाताने तोललं. चिमटा नीट धरता येत नव्हता, एक बारीक वजन दोनदा खाली पडलं, पण तोललं. आणि वजन वाढलं! सगळ्यांचं वाढतं तेवढंच. सर खूश झाले. म्हणाले, "पाहिलंत?" पुन्हा डाव्या हाताने केलं तर कमी झालं.

एकच वस्तू हात बदलल्यावर जड नाहीतर हलकी होत असेल, तर दोन्ही हात खोटं बोलताहेत आणि वस्तू बिचारी आहे तेवढीच आहे. एवढं तर आपल्या दुकानातलं मांजरसुद्धा सांगेल. मी सरांना म्हटलं, "खोट भुकटीत नाही, काट्यात आहे." तो काटा म्हणजे या संस्थेचं दैवत आहे.

सर म्हणाले, "काटा खोटा म्हणता आणि त्याच काट्याची साक्ष काढता?" बोलणं बिनतोड होतं. मग ते म्हणाले, "दुसऱ्या काट्यावर, दुसऱ्या हाताने करून आणा. सभेच्या आत आणलंत तर मी स्वतः वाचून दाखवीन. नाही आणलंत तर ही खोली तुमच्यासाठी नाही, दुसरीकडे बघा." इथले सगळे नाजूक काटे त्याच खोलीत आहेत आणि दगडावरून हलवायची कुणाला परवानगी नाही. म्हणजे करून आणा म्हणायचं आणि वाट ठेवायची नाही.

मी गेले की हजेरीपटावर पुन्हा सगळे 'श्री.' राहतील. कारकून म्हणेल, बघा, रजिस्टर स्वच्छ झालं. नोकरी गेली तर दुसरी बघेन, पण त्याचं हे वाक्य मला सहन व्हायचं नाही.

तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त सांगितलं.

---

३० सप्टेंबर

बाबा,

सापडलं!

आणि शोधलं मी नाही, मावशींनी. काल दुपारी नळ्या धुऊन झाल्यावर त्या ओली फडकी घेऊन तोलायच्या खोलीशेजारच्या बोळात गेल्या. मी म्हटलं, मावशी, ऊन गच्चीवर आहे, तुम्ही अंधारात काय वाळत घालता? त्या म्हणाल्या, "बाई, या भिंतीला घातलं की अर्ध्या तासात वाळतं. पलीकडे काच वितळवायची भट्टी आहे ना. बाराला पेटवतात."

मी धावतच तोलायच्या खोलीत गेले आणि भिंतीला हात लावला. तळवा नाही, हाताची मागची बाजू. तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात काटा बसवायला जायचात तेव्हा आधी भिंतीला असाच उलटा हात लावायचात. मी विचारलं होतं, असा का? तुम्ही म्हणाला होतात, "तळवा काम करून राठ झालाय, त्याला कळत नाही." भिंत कोमट होती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असेल उन्हाची.

पेटीची डावी बाजू त्या भिंतीला जवळजवळ टेकलेली आहे. दुपारी दांडीचा डावा हात तापतो, तापला की धातू वाढतो, आणि दांडीचा एक हात दुसऱ्यापेक्षा अगदी किंचित लांब होतो. लांब हाताला टांगलेलं असेल ते जड भासतं. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच. बाकीचे सगळे वजनं उजव्या हाताने उजव्या पारड्यात टाकतात, म्हणून भुकटी डाव्या पारड्यात, भिंतीकडे. त्यांची भुकटी दुपारी जड होते. मी डाव्या हाताची, माझं सगळं उलट. वजनं भिंतीकडे, भुकटी दूर. म्हणून माझी हलकी होते. उन्हाने काहीच दिलं नाही आणि काहीच नेलं नाही.

मग मी एक बंद केलेली रिकामी नळी घेतली. आत भुकटी नाही, काही नाही. दुपारी तोलली. उजव्या हाताने जड, डाव्या हाताने हलकी. सहा वर्षांत कुणी दुपारी रिकामी नळी तोललीच नव्हती. सकाळी एकदा तोलून मोकळे व्हायचे. तुम्ही वस्तू इकडची तिकडे, वजनं तिकडची इकडे करून प्रत्येक तोलाला पारडी पालटायचात, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. इथल्या विद्वानांना पालट माहीत आहे, पुस्तकात आहे, पण एवढ्या भारी काट्याला पालट कशाला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आता मागते. मागच्या पत्रात मागणार नाही म्हटलं होतं, ते गिळलं.

सोबतच्या खोक्यात कापसात गुंडाळलेल्या दोन नळ्या आहेत. एकीत भुकटी, दुसरी रिकामी. तुमच्या काचेतल्या काट्यावर सकाळी तोलायच्या, उन्हात ठेवायच्या, निवल्या की दुपारी तोलायच्या. पालट करून, सात दिवस. ज्याचा या भांडणात काही संबंध नाही असा काटा आणि असा हात मला हवा आहे. आणि मला माहीत असलेल्या काट्यांत तोच एक खरा आहे.

डावखुरी

---

१५ ऑक्टोबर

बाबा,

आईचं कार्ड येऊन आठवडा झाला. "खोकं मिळालं. त्यांनी फडताळात ठेवून दिलंय. तू विचारू नकोस, मीही विचारत नाही."

बरं. फडताळात तर फडताळात. तोललं नाहीत तरी हे पत्र वाचा. हे नळ्यांबद्दल नाही.

मागचं पत्र मी टाकलं तेव्हा मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती लिहिली नाही. काम करून घ्यायचं होतं म्हणून नाही लिहिली, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. मला लाज वाटली.

भिंतीला उलटा हात लावून उभी असताना मला किटली आठवली.

सराफ काटा न्यायला आला, तेव्हा तुम्ही बाहेर दुसऱ्या कुणाशी बोलत होतात. मी मागच्या खोलीत चहा करत होते. उकळती किटली मी मेजावर ठेवली आणि शेजारीच त्याचा काटा होता. मग मला दाखवायची खुमखुमी आली की, मलाही येतं. कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र माझ्या पिशवीत होतं, तुम्ही त्यावर हो म्हणत नव्हतात आणि नाहीही म्हणत नव्हतात, त्याचाही राग होता. मी डाव्या हाताने दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवली आणि काटा झुकला. मी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा, हा काटा खोटा आहे."

तुम्ही आत आलात. काट्याकडे पाहिलंत. फक्त म्हणालात, "थांब जरा."

मी थांबले नाही. मी म्हटलं, थांबून काटा सरळ होतो का? होतो, बाबा. तासभर थांबलं असतं, ती बाजू निवली असती, तर झाला असता. सराफ काटा उचलून दुसऱ्याकडे गेला आणि त्याच्यामागून पेठेतले आणखी किती गेले ते आईने मला कधी सांगितलं नाही, म्हणजे बरेच गेले असणार. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तुम्ही भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावत होतात. मला वाटलं, मला बघायला नको म्हणून लावताहेत.

सहा वर्षं चुकलेल्या माणसाला मी हसायला निघाले होते. मी दोन वर्षं आठ महिने चुकीची आहे, आणि चूक तीच आहे, अगदी तीच. तुमचा काटा खरा होता. मी त्याला चटका दिला आणि वर खोटा म्हटलं.

हे मला तोंडावर सांगायला हवं होतं. पण तुमच्यासमोर उभी राहिले असते तर पुन्हा काहीतरी उलट बोलले असते, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुमच्यावरच गेलाय.

नळ्या तोलू नका हवं तर. हे पत्र त्याच्यासाठी नाही.

---

२१ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं खोकं गेल्या महिनाअखेरीस मिळालं. नळ्या धड होत्या. आत तुमचा कागद होता आणि मला उद्देशून एक शब्दही नव्हता. मी कापूस उपसून खोक्याचा तळसुद्धा बघितला.

मग कागद नीट वाचला. पहिली तारीख पाच ऑक्टोबर. म्हणजे खोकं मिळाल्यावर एक दिवस तुम्ही नळ्या फडताळात ठेवल्यात ते काचेला खोलीची सवय व्हावी म्हणून, आणि मी इथे आईच्या कार्डावर रुसून बसले. माझं किटलीचं पत्र पोचायच्या कितीतरी आधी तुम्ही काम सुरू केलं होतंत. हे कळल्यावर मी कागद हातात धरून बराच वेळ रडले. मावशी म्हणाल्या, "काय झालं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, कुणीतरी आलं."

मी सात दिवस मागितले होते, तुम्ही चौदा दिवस तोललंत. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, हवा कोरडी की दमट, आभाळ कसं, सकाळचं वजन, दुपारचं वजन, पालट. पहिल्या सात ओळींच्या डोक्यावर 'उजवा हात', पुढच्या सात ओळींच्या डोक्यावर 'डावा हात'. आणि चौदाही ओळींत सकाळ-दुपार सारखीच. भुकटीची सारखी, रिकामीची सारखी.

डाव्या हाताने तुम्ही कसं तोललंत? चिमटा धरून तेवढं बारीक वजन ठेवायला मला चार वर्षं लागली. आईला विचारलं तर ती लिहिते, "त्यांनाच विचार."

कागद सरांकडे नेला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. म्हणाले, "अक्षर जुनं आहे, पण काम चोख आहे. हे गृहस्थ कुठल्या संस्थेत असतात?" मी म्हटलं, "दुकानात." ते म्हणाले, "दुकानात?" मी म्हटलं, "तराजू दुरुस्त करतात. माझे वडील आहेत. मला तोलायला त्यांनी शिकवलं." इतक्या ताठ आवाजात मी आजवर काही बोलले नव्हते. सर उठले, तोलायच्या खोलीत गेले आणि भिंतीला हात लावला. तळवा लावला. मी म्हटलं, "सर, उलटा." त्यांनी उलटा लावला.

काल सभा झाली. सगळं सभागृह पुरुषांनी भरलेलं, मी आणि दाराशी मावशी, एवढ्याच बायका. सर सन्मानाच्या शालीऐवजी तुमचा कागद हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी चौदाही ओळी वाचल्या. मग म्हणाले, "सहा वर्षं मी उजेड तोलतोय असं समजत होतो. मी शेजारची भट्टी तोलत होतो." कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "हसा. पण तुमच्यापैकी कुणी मला हे सांगितलं नाही. यांनी सांगितलं." आणि माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले, बाबा. मान वर ठेवून. त्या माणसाशी मी चार महिने मनातून भांडत होते. काल त्याच्यासारखं चुकता यायला हवं असं वाटलं.

काटा आता दुसऱ्या खोलीत नेलाय, आतल्या, चारी भिंती थंड असलेल्या. त्या खोलीचा ताबा माझ्याकडे आहे आणि नियमही मीच करायचे. पहिला नियम पालट. दुसरा, दुपारी रिकामी नळी. तिसरा मी भिंतीवर लिहून लावलाय, 'थांब जरा'. लोक विचारतात, हे कुणाचं वाक्य? मी सांगते.

निबंध छापून येईल त्यात माझ्या नावाखाली एक ओळ आहे. पडताळणी करणाऱ्याचं नाव. दुकानाच्या पाटीवर आहे तसंच, पूर्ण. संपादकांनी विचारलं, पदवी काय लिहू? मी म्हटलं, पाटीवर लिहिलंय तेच, 'तराजू नीट करून मिळतील'. त्यांनी ते नाही घेतलं. नाव घेतलं.

नवा हजेरीपट जानेवारीत येणार आहे. नावाआधी काही छापलेलं नाही. कारकुनाने मला स्वतः आणून दाखवला.

आता तरी एक ओळ लिहा.

तुमची डावखुरी

---

तारीख २७ नोव्हेंबर. सकाळ. हवा कोरडी.

बाळ,

पत्र मिळालं. सगळीच मिळाली. मला लिहिता येत नाही, मोजता येतं, म्हणून आधी मोजून पाठवलं.

डाव्या हाताचं विचारलंस. मी मुळात डावराच. वस्तादांनी तो हात दोरीने कमरेला बांधून मला उजव्याने शिकवलं. म्हणायचे, डाव्या हाताने तोललं की गिऱ्हाईक काट्याकडे बघत नाही, हाताकडे बघतं. त्यांचं खोटं नव्हतं. तुझ्या बाबतीत मी तेच केलं, फक्त दोरी घेतली नाही. गेल्या महिन्यात चाळीस वर्षांनी त्या हातात चिमटा धरला. दोन दिवस थरथरला, तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं. ते दोन दिवस कागदात धरलेले नाहीत.

किटलीचं. ती मी त्याच दिवशी पाहिली होती. सराफ पायरी उतरत होता तेव्हाच पाहिली. बोललो असतो तर काटा त्याच दिवशी खरा ठरला असता. पण तू त्या परक्या माणसासमोर तोंडावर पडली असतीस. संध्याकाळी तू वर ट्रंक भरत होतीस, तेव्हा सांगायला जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलो. मग वाटलं, हे सांगितलं तर ही चुकलेली म्हणून घराबाहेर पडेल. जिथे जायचंय तिथे आपल्यातलं कुणी आधी गेलेलं नाही. तिथे जाणाऱ्याने मान खाली घालून जाऊ नये. म्हणून तसाच खाली उतरलो. फळ्या लावल्या त्या मी रडताना पेठेने बघू नये म्हणून.

राग मात्र खरा होता. तो आता निवला आहे.

तुझी आई तुझं पत्र घेऊन शेजारी चौथ्यांदा गेली आहे. मी तिला थांबवलेलं नाही.

सराफ काल आला होता. तोच काटा घेऊन. दुसऱ्या दोघा कारागिरांना दाखवून झाला, आता नीट उभा राहत नाही. मी म्हटलं, ठेवून जा. मी त्याला हात लावलेला नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये आणि त्याच्यासमोर तोल. डाव्या हाताने. किटली मी लांब ठेवतो.